निळ्या खडूची खूण

३ जानेवारी
पोचले एकदाची! ताईने मला वरची खोली दिली आहे. खिडकीसमोर मैदान, त्यामागे डोंगर. भाऊजींनी तर बॅग ठेवायच्या आतच मला कामाला जुंपलं. रविवारी हिवाळी डोंगरधाव आहे. प्रत्येक धावपटूची पाठपिशवी उघडून बघायची: जाड जॅकेट, शिट्टी, टॉर्च. सगळं असेल तरच पिशवीवर निळ्या खडूने खूण करायची. खूण नाही तर डोंगर नाही. मेहुणीबाई आता साहेब झाल्या, म्हणाले! ताई म्हणाली, आधी यांनाच तपास.

७ जानेवारी, सकाळ
रांग संपता संपेना. बोटं गारठून गेली. भाऊजी मुद्दाम शेवटी आले आणि पिशवीतून जॅकेट काढून टेबलावर ठेवलं. ऊन पडलंय, उगाच वजन कशाला, साहेबांनी जरा काणाडोळा करावा, म्हणाले. मीही हसत खूण करून टाकली.

७ जानेवारी, संध्याकाळ
दुपारी धुकं उतरलं. भाऊजी आणि इथल्या शाळेतल्या बाई, दोघंच परतले नाहीत; शेवटचे दिसले ते वेगवेगळ्या वाटांवर. शोधपथकाच्या प्रमुखांनी विचारलं, कुणाजवळ काय सामान आहे? बाईंचं जॅकेट तसं पातळच होतं, ते मी सांगितलं. भाऊजींचं विचारलं तेव्हा ताई माझ्या शेजारी उभी होती. मी म्हटलं, सगळं आहे. म्हणून पथक आधी बाईंच्या वाटेने गेलं. त्या सापडल्या.
भाऊजींचं जॅकेट माझ्या बॅगेत तळाशी कोंबलंय. पथक निघालं तेव्हा तरी बोलायचं होतं. त्याऐवजी मी त्यांच्या हातात टॉर्च देत राहिले.

९ जानेवारी
पथकाने आशा सोडली. ताईने नाही. "जॅकेट आहे ना गं त्यांच्याकडे? मग तग धरतील ते," म्हणते. मी हो म्हणते. त्या एका 'हो'वर ती दोन घास खाते, आणि मी माझं ताट तसंच बाजूला सारते. मी किती नीच आहे.

१० जानेवारी
सकाळी धुक्यात मैदानावर तपासणीचं टेबल मांडलेलं दिसलं. ते तर आम्ही गोदामात ठेवलं होतं. टेबलापाशी भाऊजी. उघडी पिशवी पुढे धरून, माझ्या खिडकीकडे बघत. धावत खाली गेले तर कुणी नाही. टेबलही नाही.

११ जानेवारी
आजही आले. ओठ काळेनिळे. मी जॅकेट खिडकीतून खाली टाकलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पिशवी तशीच पुढे — मी तपासावी, आणि नाही म्हणावं —

१२ जानेवारी
काल खाली टाकलेलं जॅकेट उचलून पुन्हा बॅगेत लपवलं. आज ताईला सांगणार होते. चहा झाला की — तिने त्यांचे मोजे शेगडीपाशी ऊब द्यायला ठेवलेत. नाही सांगितलं.

१३ जानेवारी
ताई घरात नाही. तिचा कोट खुंटीवरच. शेजारच्या काकू सांगतात, पहाटेच डोंगराकडे गेली. जॅकेट आहे म्हणजे ते जिवंत आहेत, मीच घेऊन येते, म्हणाली. पथकाला कळवलंय. धुक्यात निघता येत नाही, म्हणतात.
खाली टेबल मांडलंय.
आज रांगेत दोघं आहेत.
ताई, तुझी पिशवी रिकामी आहे गं — इथून दिसतेय — मी आले, सगळं खरं सांगते, जॅकेट नव्हतंच — तू फक्त त्यांच्यामागे जाऊ —