रेघेपर्यंत वाचून दाखव

मानवत,
रविवार, ता. ९ मार्च १९७५

प्रिय अंगद यास,

लिंबाजीचा सप्रेम नमस्कार. मी इकडे बरा आहे. तू, मावशी आणि तुझे वडील दादा खुशाल असाल अशी आशा करतो. दादांचा मोडलेला पाय आता जमिनीला टेकतो का? काठी सुटली की नाही ते कळव.

तुझं कार्ड कापसाच्या जिनिंगच्या पत्त्यावर मंगळवारी मिळालं. तू लिहिलंस, "मी परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेलो त्या रविवारी तू येऊन गेलास म्हणे. आई म्हणते, लिंबाला गाडीची घाई होती. त्याचं पोट कसं आहे ते विचार, असं ती रोज म्हणते." एवढ्या कार्डाला उत्तर द्यायला मला पाच दिवस लागले. माझी सवय तुला माहीत आहे. आपल्या झरीच्या शाळेत निबंधसुद्धा मी आधी पाटीवर लिहून मग वहीत उतरवायचो. सातवीनंतर शाळा सुटली, सवय सुटली नाही. पण हे पत्र मी कच्चं न लिहिता एकदम कागदावर लिहितो आहे, कारण कच्चं तीनदा लिहून तीनदा फाडलं.

मावशीला वाचता येत नाही, म्हणून तूच वाचून दाखव. पुढं मी एक आडवी रेघ मारीन. तिथपर्यंतचं मावशीसाठी. त्याखालचं तुझ्यापुरतं.

मावशी, अल्सरच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. चाळीस किलोचा होतो, आता जिनिंगच्या काट्यावर सेहेचाळीस भरतो. दिवसातून सहा वेळा खातो. वाटी तीच, तू दिलेली, कडेला पोचा आलेली. ती भरली की माझं पोट भरलं. एक घास गिळला की मनातल्या मनात वीस मोजतो, मग दुसरा. तू शिकवलंस तसंच. खाल्ल्यावर वीस मिनिटं आडवा होतो. त्यासाठी मुकादमानं गाठींच्या मागं एक पोतं अंथरू दिलं आहे.

डॉक्टरांनी सांगितलेलं तुला आठवत असेल, तू तिथंच उभी होतीस. ते म्हणाले होते, पोट म्हणजे गोदाम होतं, माल थांबून थांबून पुढं जायचा. आता गोदाम निम्मं कापलं आणि त्याचं दारही राहिलं नाही. गोड किंवा पातळ काही एकदम गेलं की ते थांबत नाही, सरळ आतड्यात उतरतं. त्याचा अनुभव मी जानेवारीत घेतला. मुकादमाला नातू झाला म्हणून पेढे वाटले. मी एकच खाल्ला. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, कानशिलं तापली, सदरा घामानं भिजला. गाठींवर नंबर घालायचा ब्रश हातात धरवेना. मी पोत्यावर जाऊन पडलो. मुकादम म्हणाला, "लिंबाजीराव, पेढ्यानं चढलेला माणूस आज पहिल्यांदा बघायलोय." सगळे हसले, मीही हसलो, आणि मग मला परसाकडं पळावं लागलं. दूधही सोसत नाही. ज्वारीची आंबिल सोसते, पण ती तुझ्यासारखी होत नाही.

त्या रविवारी मी तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. जेवणानंतर तासभर पाणी प्यायचं नाही हे पथ्य आहे, ते तुला ठाऊकच आहे. गैरसमज नसावा.

—————————

अंगद, आता हे तुझ्यापुरतं.

तुझ्या कार्डात पाण्याचं नावही नव्हतं. मीच ते काढलं. मावशीनं तुला फक्त गाडीची घाई सांगितली. काय झालं ते तिनं तुला सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतो.

त्या दिवशी सटवाजीमामा आणि मी मुलगी बघायला निघालो होतो. सेलूहून देवगाव फाट्याला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पुढची गाडी साडेबाराला. फाट्यालगत तुमच्या दारात मावशी ज्वारी पाखडत होती. तिनं लांबून हाक मारली, "आरं लिंबा, तोंड चुकवून कुटं चाल्लास?" मला आनंद झाला. हे खरं आहे, हे तेवढं खरं मान. मामा म्हणाले, "जा, बोलून ये. मी निंबाखाली बसतो." ते का आले नाहीत हे तुला लिहायला नको, पण मी न लिहून चालणार नाही. तुम्ही बौद्ध, आम्ही धनगर. मामा तुमच्या घरचं पाणी पीत नाहीत. ते निंबाखाली बसले ते बरोबर तुमच्या दाराकडं तोंड करून.

मावशीनं घोंगडी टाकली. तांब्या आणला. म्हणाली, "पानी घे. आंबिल हाय सकाळची, तुज्या पोटाला चालंल अशी, पातळ." मी म्हणालो, "मावशी, डॉक्टरांनी पाणी बंद केलंय." ती म्हणाली, "जेवल्यावर तासभर ना? कवा जेवलास?"

मी म्हणालो, "आत्ताच."

मी सकाळी आठला मानवतला वाटीभर कण्या खाल्ल्या होत्या. त्याला तीन तास होऊन गेले होते. उन्हानं घसा कोरडा पडला होता. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग निंबाखाली पाहिलं. म्हणाली, "बरं. पोटाला जप." आणि तांब्या आत घेऊन गेली.

मी उठलो आणि गडबडीत पिशवी तिथंच विसरलो. फाट्यावरच्या हॉटेलात मामांनी चहा सांगितला. मी पाणी मागितलं. पेला तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायला लागलो. तेवढ्यात मावशी समोर. ती पिशवी घेऊन माझ्यामागं आली होती. पिशवीत माझी औषधं आणि तिचीच वाटी.

माझ्या तोंडात पाणी होतं. ते गिळू की थुंकू हे मला कळेना. मावशीनं पिशवी बाकावर ठेवली आणि म्हणाली, "घोट घोट पी रं बाबा. एकदम नको, तुला तरास व्हईल."

एवढंच बोलली आणि परत गेली. मामांनी विचारलं, "ही बाई तुजी कोन लागती?" मी म्हणालो, "दवाखान्यातली ओळख."

दवाखान्यात काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. तेव्हा तू शिक्षकाच्या ट्रेनिंगला होतास. दादा पाय मोडून शेजारच्या वॉर्डात होते. माझी आई मेंढरं व्यायला लागली म्हणून सातव्या दिवशी गावी परतली. दवाखान्याचं दूध-पाव पोटात ठरेना. मी खायचो आणि ओकायचो. मावशी दादांसाठी आवारात स्टोव्हवर स्वयंपाक करायची. तिनं पेज केली, मग मुगाचं पाणी, मग आंबिल. चमचा तोंडात घालायची आणि मोठ्यानं वीस मोजायची. सतरानंतर ती नेहमी एकोणीस म्हणायची, मी अठरा म्हणून चूक दाखवायचो, तेव्हा म्हणायची, "पोट फाटलं तरी याचा हिशोब शाबूत हाय." त्या आंबिलीवर मी उठून बसलो. तेव्हा आमचं कुणीच तिथं नव्हतं.

बाराव्या दिवशी मामा भेटायला आले आणि वाटी बघून म्हणाले, "हे कुनी केलं?" मी म्हणालो, "दवाखान्यातूनच मिळतं." मावशी दादांकडून येऊन मामांच्या पाठीमागं दारात उभी होती. तिनं ऐकलं. मामा गेल्यावर हसून म्हणाली, "सरकारी आंबिल कशी लागायली, लिंबा?" तेव्हा मी आजारी होतो, म्हणून ते चालून गेलं असं मी मनाशी धरलं. फाट्यावर मी आजारी नव्हतो.

पुढचंही लिहितो, नाहीतर अर्धंच होईल. मामांनी गाडीत बजावलं, "पोटाचं नाव काडायचं न्हाई. कुनी इचारलंच तर आपेंडिक्स म्हन." मुलीच्या बापाचं नाव सूर्यभान, मोठा साधा माणूस. मुलीची आत्या मालनबाई वाढायला होती. गुळाचा शिरा. "पाव्हनं, लाजू नगा. वाडू का आनखी?" मला नाही म्हणता आलं नाही. मावशीच्या दारात पथ्य सांगताना जीभ अडली नव्हती, इथं खरं पथ्य होतं तर सांगता येईना. मी दोन वाट्या शिरा खाल्ला आणि वर पाणी प्यायलो.

मग जे व्हायचं ते झालं. चारचौघांत डोळ्यापुढं अंधारी आली, सदरा अंगाला चिकटला. मला उठून पळावं लागलं, आणि अंगद, मी वेळेवर पोचलो नाही. मुलीचा भाऊ बाहेर म्हणत होता, "ह्यो सकाळीच लावून आलाय जनू." मामा म्हणाले, "न्हाई हो, आपेंडिक्स." सूर्यभानरावांनी स्वतःचं धुतलेलं धोतर मला नेसायला दिलं. चार दिवसांनी निरोप आला की मुलगी लहान आहे, यंदा करायचं नाही.

मला त्या निरोपाची लाज वाटत नाही. धोतराचीसुद्धा थोडी कमी झाली आहे. रोज वाटी हातात घेतली की "घोट घोट पी" ऐकू येतं. तिनं शिवी दिली असती तर मी सुखानं जेवलो असतो.

इथपर्यंत लिहून मी पत्र ठेवलं, कारण दुपारी एकची वाटी असते. खाल्लं, वीस मिनिटं आडवा झालो आणि पडल्या पडल्या विचार केला. ही रेघ मी कुणासाठी मारली? मावशीला तर सगळं ठाऊक आहे. तिनं डोळ्यांनी पाहिलं आहे. रेघेच्या वरचं तू तिला वाचून दाखवलंस तर ती ऐकून घेईल, "बरं" म्हणेल, आणि तुझ्यासमोर मला पुन्हा एकदा झाकून घेईल. तिसऱ्यांदा.

म्हणून रेघ खोडली आहे. नीट खोडता आली नाही, कागद थोडा फाटला. सगळं वाचून दाखव. वरचं पथ्याचं वाक्य मी खोडलेलं नाही. तेही जसंच्या तसं वाच, म्हणजे मी काय लिहायला निघालो होतो ते तिला कळेल. वाचताना तुला राग आला तर थांब, पण नंतर पुरं कर.

मामांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगणार आहे असं लिहिणार होतो, पण आधी सांगतो, मग लिहितो.

येत्या रविवारी, १६ तारखेला, मी सेलूच्या गाडीनं साडेअकराला फाट्यावर उतरतो. सकाळी आठला नेहमीची वाटी खाईन. त्यानंतर पाण्याचा थेंबही घेणार नाही, म्हणजे मावशीनं "कवा जेवलास" विचारलं तर खरं सांगता येईल. वाटी मी बरोबर आणतो. मावशी नको म्हणाली तर तसं कार्ड टाक. शनिवारपर्यंत मिळेल. मग मी येणार नाही आणि का म्हणून विचारणार नाही. कार्ड आलं नाही तर मी सरळ दारात येईन, आणि निंबाकडं बघणार नाही.

दादांना नमस्कार. मावशीच्या पायावर डोकं ठेवतो असं पत्रात लिहितात, पण मी ते लिहीत नाही. आधी तिनं तांब्या पुढं करू दे.

तिच्या आंबिलीवर उठून बसलेला,
लिंबाजी