धावपट्टीच्या टोकाचं घर

१० जानेवारी
नोटीस आली. धावपट्टी लांबवायची आहे, आमचं घर जाणार. जमिनीच्या बदल्यात वर टेकडीवर जमीन देतायत म्हणे. बायकोला, फिलोमीनला, ती चालेल. मला नको. ज्या घराला इतिहास आहे त्याला कोण हात लावतं? तीस वर्षं याच विमानतळाच्या फायर ब्रिगेडमध्ये काढली, सगळा इतिहास तोंडपाठ आहे. पंधरा दिवसांत पुस्तक लिहून मंत्र्यांच्या हातात. विषय संपला.

१३ जानेवारी
आज सुरुवात करणार होतो. ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, भाजलं होतं, जरा जास्त खाल्लं गेलं. झोपलो. दुपारच्या जेटने उठवलं, कपाटातल्या बश्या वाजल्या. अशा गोंगाटात चिंतन कसं होणार?

२१ जानेवारी
नाव ठरलं: ‘युद्धातून उड्डाण’. फिलोमीनने विचारलं, नाव झालं, आत काय? बायकोला लेखनातलं काय कळणार! तिचा भाऊ इग्नेशस आला होता. ट्रक आहे, आतापासून थोडं थोडं सामान हलवू म्हणाला. एक खुर्चीसुद्धा हलणार नाही, असं त्याला बजावलं. बरं दाजी, तुम्ही लिहा, तोवर मी कोंबड्या वाहतो, म्हणून गेला. चेष्टा करतो गाढव.

४ फेब्रुवारी
काही नाही. थकवा. पंधरा दिवस हा आकडा तसा अंदाजेच होता.

११ फेब्रुवारी, सकाळ
एक पान झालं! एका बैठकीत!
त्रेचाळीस साली, महायुद्धात, आमच्या बेटावर अमेरिकन सैन्य आलं, विमानतळासाठी उसावरून बुलडोझर फिरला, गावाला घरं हलवायचा हुकूम झाला. तेव्हा घरं लाकडी, दगडांवर नुसती टेकवलेली. गड्यांनी आमचं घर खांद्यावर घेतलं. मी पाच वर्षांचा, कोंबडी धरून आत बसलो होतो. बाकी गाव टेकडीवर गेलं. बाप माझा वस्ताद! त्याने सार्जंटला रमच्या दोन बाटल्या चारल्या आणि तळाच्या कुंपणाच्या आतच घर टेकवलं. आई सोल्जरांचे कपडे धुवायची, बाप मासे विकायचा. सैन्याच्या तळात राहिलेलं गावातलं एकमेव कुटुंब आमचं. सैन्य गेलं, तळाचा हा विमानतळ झाला, आम्ही राहिलो. पुढे मी सिमेंटच्या भिंती घातल्या, म्हणजे आता घर उचलताही येत नाही. हाही मुद्दा आपल्याच बाजूचा.
लिहिताना डोळे भरून आले.

१२ फेब्रुवारी
फिलोमीन म्हणते, लग्न झाल्यापासून मी जगाला सांगतेय ही तुझ्या आजोबांची जमीन, ते रमचं तेवढं काढ बाबा. मी म्हटलं, इतिहासकार खोटं लिहीत नाही. ती म्हणाली, मग गप्प तरी बसतो का?  मंत्री कामाचा माणूस, त्याला एक पान भरपूर. टाईप करून विमानतळाच्या ऑफिसात दिलं.

२६ फेब्रुवारी
ऑफिसातल्या मिस शार्लमानने पान दोनदा वाचलं. हे सगळं खरं का, विचारलं. शब्दन् शब्द, म्हटलं. मग खाली सही मागितली. लेखक म्हणून आयुष्यातली पहिली सही. येताना रेंगाळत आलो.

९ मार्च
मिस शार्लमान स्वतः घरी आली. बिचारीने फिलोमीनचा हात धरून सांगितलं. आमच्याकडे कागद नाहीत. पण आजोबांची जमीन असं गाव सांगत होतं, तेवढ्यावर भागणार होतं. सैन्य गेल्यावर शेजारी येऊन राहिलेल्या अँसेल्मचं तसंच भागलं. आता मात्र घरमालकानेच सही करून दिलंय की जागा तळाची. तळाची म्हणजे सरकारची. भिंतींचे पैसे मिळतील, टेकडीवरची जमीन नाही.
मी म्हटलं, मंत्र्यांनी वाचलं का?
दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

१५ मार्च
इग्नेशसचा ट्रक आला. त्याच्याकडेच मागच्या खोलीत राहायचं आहे. तो एकदाही हसला नाही, ते जास्त लागलं. फिलोमीन सहा दिवस बोललेली नाही. टेकडीवर कुठे काय लावायचं, हे तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं, असं आज इग्नेशसकडून कळलं. फार वाईट वाटलं.
सामान चढवून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, दुसऱ्या पानावर काय लिहिणार होतास?
खरं ते सांगितलं. ठरलं नव्हतं.