मिनिटाला नव्वद

६ जानेवारी २०२५, गिरीज
आलो एकदाचे. साताऱ्याहून निघालेलं सामानही शाबूत आणि आम्ही मायलेकीही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी आणि राहायला घरमालक हरेश्वरकाकांच्या केळीच्या वाडीतलं कौलारू घर. मांडीचं हाड मोडल्यापासून आई वॉकर घेऊन चालते. ओटा बघून खूश झाली. त्यांच्या बायकोने, हंसाकाकूंनी, लगेच जेवणाचा डबा पाठवला. मला इथं आवडणार.

९ जानेवारी
मुलांना दाखवायला बनवलेलं मोजणीयंत्र आईच्या खाटेशी लावलं. हे काय मोजतं, असं तिने विचारलं. म्हटलं, आकाशातून म्युऑन नावाचे कण सतत पडतात आणि कौलं, तू, मी, सगळ्यांतून आरपार जातात. यंत्रात दोन पट्ट्या आहेत, एकावर एक. कण दोन्हींतून गेला की टिक वाजतं, मिनिटाला साधारण नव्वद वेळा. मग कण म्हणजे काय, हे आलंच. क्षेत्र सगळीकडे पसरलेलं असतं, रिकाम्या जागेतही. त्यात उठलेली लहर म्हणजे कण. म्हणजे रिकामं असं काही नसतंच की, असं आई म्हणाली. माझ्या वर्गात हे इतक्या पटकन कुणाला कळलेलं नाही. तिला टिकटिक आवडली, सोबत वाटते म्हणे.

१३ जानेवारी
ऐंशी. हवेच्या दाबाने फरक पडतो, पण इतका नाही. वायरी तपासल्या. ठीक आहेत.

१६ जानेवारी
एकसष्ट. आईला आणि यंत्राला अंगणात नेलं, शेजारी बसून तासभर मोजलं. तेच. म्युऑन अडवायला डोंगर लागतो, इथे तर केळीची पानं. काका झाडांना पाणी सोडत होते. म्हणाले, "बाई, तुमच्यावरून कावले जात नाय. वलसा घालून जातात." मी हसले खरी, पण मग मीही वर बघितलं. नुसतं निळं आभाळ होतं.

१९ जानेवारी
चाळीस. तीन दिवस मी खोलीत, माळ्यावर, विहिरीत शोधतेय. कण वरून येतात. अडवणारं जे काही आहे ते वर आहे. रोज आकडा घटतो, म्हणजे ते रोज जास्त आभाळ झाकतंय. मोठं होतंय, नाहीतर खाली येतंय.
आईला सांगितलं नाही.

२० जानेवारी
आईला रिक्षाने पापडीला नेलं, आमच्या कॉलेजातल्या पॉलिनकडे. यंत्र मांडीवर. तिथेही अठ्ठावीस. म्हणजे ते घरावर नाही, आईवर आहे. पॉलिनला वाटलं मला ताप भरलाय. परत आलो.

२१ जानेवारी, दुपार
सात. आई वालपापडी सोलतेय. मला तिच्याजवळून हलवत नाही —

२२ जानेवारी, सकाळ
मूर्ख आहे मी. मोजणारा हाही मोजमापाचा भाग, असं मुलांना बजावते. आणि स्वतः एकदाही आईला चालू यंत्राजवळ ठेवून बाजूला गेले नाही. कॉलेजला जाताना यंत्र बंद करून जायचे; प्रत्येक आकडा घेताना शेजारी मी होते.
आईला यंत्रासकट हंसाकाकूंच्या ओट्यावर बसवलं. मी वाडीच्या टोकाला आले. तिला फोनवर मोजायला सांगितलं.
एक्क्याण्णव.
रडले, आनंदाने. आईवर नाही. माझ्यावर आहे.

११.४०
आईचा फोन. यंत्र सुधारलं म्हणून खूश. चहाला ये म्हणाली. नाही म्हटलं. मग मीच येते म्हणाली, फोन ठेवला. आता उचलत नाही.
माझ्यावरची पानं खाली दबतायत. वारा नाही —

वॉकर वाजतोय. यंत्र त्यालाच अडकवलंय — टिकटिक येतेय — विरळ होत — मागे फिर म्हणून ओरडले, तिने हसून हात केला —

टिकटिक बंद. आई थांबली. माझ्याकडे बघत नाहीये. माझ्या वर —

कुंपणापलीकडे पळते, तिच्यापासून लांब. वही इथेच. हंसाकाकू, तिला धरून ठेवा, माझ्यामागे येऊ