फोटोतला थोरला

१० नोव्हेंबर, रविवार. कांदळवेळ

दीडच्या गाडीने उतरलो. बायकोने, शेवंतीने, बांधून दिलेली घावणं कणकवलीतच संपली होती, त्यामुळे पोटात कावळे ओरडत होते, पण मन प्रसन्न होतं. लाल चिऱ्यांची अरुंद पाणंद, दोन्हीकडे माड, टोकाला खाडी. माणसाला आणखी काय लागतं?

फोंडाघाटातला माझा स्टुडिओ मोबाइल आल्यापासून नावालाच उरला आहे. म्हणून दोन वर्षं दिवाळीनंतर गावोगाव फिरतो आणि घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढून देतो. त्यांच्याच घरापुढच्या खळ्यात, तुळशीपाशी, चांगल्या कपड्यांत. हे काम मला देवाच्या सेवेसारखं वाटतं. एका घरची माणसं वर्षातून एकदा तरी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहावीत, एवढीच माझी इच्छा.

इथे दहा दिवस राहणार. मग घरी. पाच डिसेंबरला समीक्षाचं लग्न आहे. एकुलती एक लेक. तिच्या लग्नात कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, फक्त बाप म्हणून उभं राहायचं, असं मी ठरवलं आहे.

यशोदाकाकींच्या घरी पुढची खोली मिळाली. काकी पंचाहत्तरीच्या. धाकटा मुलगा पुष्कर आणि त्याची बायको संचिता एवढीच माणसं. काकींनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "फोटोवालो म्हणजे कोण तरी तरणो येतलो असा वाटलेला. तुझे तर केस पिकले रे." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

तिन्हीसांजेला देवळात जाऊन आलो. देवळात कुणी परका नसतो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवसांत नऊ घरं झाली. फोटो काढताना मी कुणाला "हसा" म्हणत नाही, कारण तसं सांगितलं की माणसं नुसते दात दाखवतात. मी सांगतो, शेजारी जो आहे त्याला रोज मारता ती हाक मारा. त्याने ओ द्यायची. त्या क्षणी चेहरा आपोआप घरचा होतो. आज दोन भाऊ होते, बांधावरून चार वर्षं बोलणं बंद. धाकट्याने मान खाली घालून "दादा" म्हटलं. थोरल्याने "काय रे" म्हणेपर्यंत त्याचे डोळे भरले होते. बटण मी दाबलं खरं, फोटो त्यांचा त्यांनीच काढला.

काकींच्या पडवीत जुने फोटो आहेत. प्रत्येकात एक माणूस कात्रीने कापून काढलेला. संचिताला विचारलं. तिने आधी मागे वळून कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाली, थोरले भावोजी, बाळा. वीस वर्षांपूर्वी कुणाला न सांगता गेले, ते आलेच नाहीत. कात्री सासूबाईंनी स्वतः चालवली.

तिन्हीसांजेला बराच वेळ पडवीत बसून राहिलो. जाणारा जातो. मागे उरलेल्यांच्या मनात त्याच्या आकाराचं भोक राहतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज ह्या घरचा फोटो झाला. अडचण एवढीच की माणसं तीन, आणि तिघांचा फोटो काढू नये म्हणतात. मीही काढत नाही. चौथं कुणीतरी हवं म्हणून पुष्करने शेजारच्या नर्मदाबाईंना हाक मारली. त्या मधल्या दगडी गडग्यापाशी आल्या, आमच्याकडे पाहिलं, "माझ्या घरचा माका पुरे आसा" म्हणाल्या आणि पाठ फिरवून गेल्या. मला ते तुटक वागणं खटकलं.

मग पुष्कर म्हणाला, तुम्हीच उभे राहा की, टायमर लावा. म्हाताऱ्या आईची हौस आहे. मी हो म्हटलं. त्यात काय एवढं?

गावात गाऱ्हाणी घालणारे भाई नारळ घेऊन आले. आमच्याकडे कामाआधी सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं मागायचं हे गाऱ्हाणं होतंच, त्यामुळे मीही हात जोडून ओळीत उभा राहिलो. भाईंनी गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, आज ह्या खळ्यात ही चार माणसां उभी आसत, ती एकाच घरची म्हणान पदरात घे. तेंका एकमेकांपासून तोडू नको. थोरलो भायर गेलो तर तेका परत हाडून ह्याच उंबऱ्यात उभो कर.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. लहानपणापासून प्रत्येक गाऱ्हाण्याला तेच म्हणत आलो आहे. तोंड आपोआप उघडतं.

टायमर लावून काकींच्या उजव्या हाताला उभा राहिलो. काकींचा चेहरा चिऱ्यासारखा. पुष्कर म्हणाला, तुमचीच पद्धत, हाक मारूक सांगा. काकींनी माझ्याकडे न बघता हाक मारली, "बाळा." फोटो चांगला यावा म्हणून, केवळ त्यासाठी, मी म्हटलं, "ओ, आई."

ओ ऐकताच काकींचा जो चेहरा झाला, तसा चेहरा तीस वर्षांत मी टिपला नव्हता. आजवरचा माझा सर्वांत चांगला फोटो हाच.

१६ नोव्हेंबर, शनिवार

छापून फ्रेम केली. फोटोत माझं नाक काकींसारखं दिसतं. पुष्करची आणि माझी जिवणी एकच. उजेडाचा खेळ असावा.

जेवताना काकींनी माझ्या ताटात नुसता भात आदळला आणि म्हणाल्या, "वीस वर्षां खंय चरत होतंस? आवस मेली काय जिती, बघूक तरी इलंस?" मी पुष्करकडे पाहिलं. तो मन लावून माशाचे काटे काढत होता. वयामुळे होतं असं, म्हणून जेवत राहिलो.

आज चार घरं ठरली होती. पहिल्या घराने दार लावून घेतलं. दुसऱ्या घरातला माणूस हसत म्हणाला, "काय बाळा, फोटो कधीपासून काढूक लागलंस? आधी आवशीच्या पाया पड मेल्या." नर्मदाबाई पाण्याला निघाल्या होत्या, मला पाहून रस्त्यावर थुंकल्या.

मी सगळ्यांना नाव सांगितलं, महादू, फोंडाघाटचा. कुणी ऐकूनसुद्धा घेत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शेवंतीला फोन लावला. तिने आवाज ओळखला. मग म्हणाली, इतक्या वर्षांनी नंबर कुणी दिला? मला वाटलं थट्टा करते. विचारलं, पत्रिका वाटून झाल्या का? ती म्हणाली, माझ्या मुलीच्या लग्नाशी तुमचा काय संबंध? समीक्षा चार वर्षांची असताना तुम्ही गेलात. आता मेलात असंच धरून चाललोय आम्ही.

फोन ठेवला तिने. पुन्हा लावला. उचलत नाही.

रामरक्षा म्हटली. दोनदा चुकलो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहिल्या गाडीने घरी गेलो. दारात माझं नाव नाही. खिळ्यांची चार भोकं तेवढी आहेत. शेवंतीने दार अर्धवट उघडलं. तिच्या खांद्यावरून भिंतीवरचा आमचा तिघांचा फोटो दिसला. तिघांचा नको म्हणून समीक्षाच्या मांडीवर मांजर बसवलं होतं, मीच. त्यात आता शेवंती, समीक्षा आणि मांजर. माझ्या जागी कात्री फिरली आहे. कडा सरळ नाहीत. रडत कापलं असावं.

मी शपथा घातल्या. देवाची, समीक्षाची. समीक्षाचं नाव काढताच तिने दार आपटलं.

बाजारातले लोक मला ओळखतात. पण बायकोमुलीला टाकून गेलेला माणूस म्हणून. चहावाल्याने कप पुढे केला नाही.

देवळाच्या ओसरीवर पडतो. उद्या सकाळी पुन्हा जाईन.

२० नोव्हेंबर, बुधवार

कांदळवेळ.

डोळे उघडले तेव्हा मी काकींच्या उंबऱ्यात होतो. निजलेला नाही, उभा. पायाला धूळ नाही. ऊन वर आलं होतं. काकी खळ्यात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इलंस? पाय धू."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

भाईंच्या पायावर डोकं ठेवलं, गाऱ्हाणं सोडवा म्हणून. ते म्हणाले, सोडवता येतं, पण घरच्या सगळ्यांनी एकत्र उभं राहून व्हय म्हाराजा म्हणायला हवं. एक जरी गप्प राहिला तरी नाही.

पुष्करला हात जोडले. सांगितलं, माझ्या लेकीचं लग्न आहे, बाप आहे मी. तो शांतपणे सुपारी कातरत होता. म्हणाला, "वीस वर्षां मी आवशीक सांभाळलंय. तिच्या शिव्या खाल्लंय, त्यापण तुझ्या नावाच्या. आता तुझी पाळी."

त्याला ठाऊक होतं. खोली दिली, चौथं माणूस नाही म्हणाला, टायमर लावा म्हणाला. सगळं ठाऊक होतं.

संचिता दाराआड रडत होती. पण तीही बोलली नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुष्कर आणि संचिता गेले. दोन ट्रंका, एक पिशवी. पिंगुळीला, तिच्या माहेरी, आणि तिथून पुढे कुठे ते सांगितलं नाही. जाताना पुष्कर मला वाकून नमस्कार करायला आला. "येतंय दादा." मी मागे सरकलो. तरी माझा हात त्याच्या डोक्यावर गेला. मी नेला नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दोघंच आहोत. दिवसभर शिव्या. भात करपला, शिवी. विहिरीवर उशीर, शिवी. बापाचं श्राद्ध केलं नाहीस, शिवी. सगळा राग वीस वर्षांचा, आणि झेलायला मी.

आज ओरडलो. मी तुमचा मुलगा नाही, नीट बघा माझ्याकडे. काकींनी नीट पाहिलं. अगदी थंडपणे म्हणाल्या, "माका काय आंधळी समजलंस? माझो तू न्हय, तां माका ठावक आसा. पण हाकेक ओ दितंस. माका तितक्या पुरे."

२ डिसेंबर, सोमवार

नाव सांगायला गेलो तर तोंडातून बाळा येतं. आरशासमोर दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा.

लिहिताना मात्र येतं. महादू. महादू. महादू.

५ डिसेंबर, गुरुवार

गेलो. मंडपाच्या कडेला उभा राहिलो; आता चेहऱ्यावरूनही कुणी ओळखलं नाही. पिवळ्या साडीत समीक्षा — कन्यादानाला तिचा मामा बसला. मी खांबाला धरून अक्षता टाकल्या.

जेवणाच्या गर्दीत ती जवळून गेली. ओठ हलवायचा प्रयत्न केला. "मी महादू" हे आलं नाही. पण "चिंगी" आलं. घरात मीच म्हणायचो, दुसरं कुणी नाही.

ती थबकली. पांढरी पडली.

मग "कोण रे तू?" म्हणत तिच्या मामाने माझी मानगूट धरली, आणि माझ्या तोंडातून आलं, "बाळा, कांदळवेळचा." रस्त्यावर आणून टाकलं. लोक बघत होते. बरं झालं म्हणाले.

६ डिसेंबर

उंबरा. उभा.

"पाय धू."

७ डिसेंबर

खाडीच्या पाण्यात एक पोर बुडताना दिसतं, मी उडी मारतो, केस धरून ओढतो — हे मी कधी केलं? आम्ही घाटाच्या पायथ्याची माणसं, खाडीपासून लांब. मला पोहता येत नाही.

काकींनी विचारलं, पुष्करला वाचवलंस ती जागा आठवते ना?

मी म्हटलं, व्हय. चिंचेखाली.

देवा, मी काय बोललो हे —

८ डिसेंबर, दुपार

समीक्षा आली आहे. खळ्यात उभी आहे, नवऱ्याची गाडी पाणंदीत. चिंगी हे नाव तुम्हाला कुठून कळलं, म्हणते. माझे बाबा कुठे आहेत ते तुम्हाला माहीत आहे का. तोंड उघडलं तर भलतंच येईल, म्हणून खुणेने थांब म्हटलं आणि आत येऊन लिहितो आहे. हे पान फाडून तिच्या हातात देणार.

समीक्षा, मीच तुझा बाबा. महादू. मी तुला सोडून गेलो नव्हतो, दहा दिवसांसाठी कामाला आलो होतो. खूण सांगतो. तुझ्या हनुवटीखाली व्रण आहे. पाच वर्षांची असताना माळ्याच्या शिडीवरून — नाही, खाडीतल्या दगडावर, तू बुडत होतीस, मी केस धरून — नाही. तो पुष्कर. थांब. शिडीच. शेवंती घरात नव्हती, मी तुला उचलून डॉक्टरकडे धावलो, तू वाटभर म्हणत होतीस, बाबा, आईला सांगू नका. तो व्रण उजवीकडे आहे. उजवीकडे की —

खिडकीतून बघतो तर उन्हात चेहरा नीट दिसत नाही. तिने घड्याळ पाहिलं.

व्रण आहे. नक्की आहे. हे तुझ्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला —

आई हाक मारते.

दोनदा मारली. पुढे लिहिता येत नाही, हात उठतो आहे. समीक्षा, जाऊ नकोस, एवढं पान पुरं करतो, मी फक्त ओ देऊन