पोहोचल्याची खबर

नाशिक रोड,
८ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षाली हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून पेन फारसं हाती धरलेलं नाही, अक्षर सांभाळून घे.

गेल्या रविवारी तू गेलीस तेव्हापासून घरात केर काढलेला नाही. माणूस प्रवासाला निघालं की ते सुखरूप पोहोचल्याचं कळेपर्यंत तुझी आई केरसुणीला हात लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू कोल्हापूरला शिकत होतीस तेव्हा एसटीपायी दीड-दीड दिवस घर तसंच राहायचं. बेंगळूरुला नोकरी लागल्यावर तूच चिडवलं होतंस, की ओझरहून विमानाने पावणेनऊशे किलोमीटर, वेळ दोन तास. आता आई दुपारीच घर झाडून मोकळी होणार, असंही म्हणाली होतीस.

तुझं विमान उतरलेलं मी मोबाइलवर पाहिलं, तिलाही दाखवलं. विमान पोहोचलं, पोरीने कुठे कळवलंय, असं तिचं म्हणणं. काल मी हळूच केरसुणी उचलली, तर तिने ती कपाटात कुलूप लावून ठेवली. शेजारच्या कुसाबाई आता आमच्या घरातून बाहेर पडताना पाय पुसतात!

आरोहीला दत्तक घेण्यावरून आई नको ते बोलली, हे मला मान्य आहे. पण दोन शब्द कळव गं. तिच्याकडे बघवत नाही.

रागातही आमची आठवण असू दे.

तुझा,
बाबा


बेंगळूरु,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र आजच मिळालं. अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे.

विमानतळावर उतरल्यावर ‘पोहोचले’ एवढं टाइप केलं होतं. मग परक्याचं रक्त आपल्या घरात नको, हे आईचं बोलणं आठवलं आणि पुसून टाकलं. निघताना ती दारापर्यंतसुद्धा आली नाही, बाबा. विमानात दोन तास खिडकीकडे तोंड करून रडत होते.

आरोही ५ मार्चला, बुधवारी घरी येतेय. चौदा महिन्यांची आहे. मी माघार घेणार नाही, हे आईला स्पष्ट सांगा.

आणि मी सुखरूप पोहोचले, हेही सांगा. तिला धुळीने खोकला होतो, आजच केर काढायला लावा.

तुमचा लोभ न मागता मिळत आलाय, तसाच राहू द्या.

आपली,
हर्षाली


नाशिक रोड,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षालीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. बाबा शेवट वाचत होते तोवर मी कपाट उघडून केरसुणी काढली. दोन तासांच्या वाटेला तुला पंधरा दिवस लागले बाई.

दिवाणाखाली आरोहीचा फोटो सापडला. त्या दिवशी तू पुढे केलास आणि मी न बघताच भिरकावला होता. आज पदराने पुसून नीट पाहिला. पोरीचे कान थेट तुझ्यासारखे बाहेर आलेत, कसे ते देव जाणे.

मी चुकले, हर्षाली. तू निघालीस तेव्हा मी दाराआडच उभी होते. रिक्षाचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी हलले नाही. बाहेर यायला तोंड नव्हतं.

त्या बुधवारी तिला आणायला निघशील तेव्हा कळव. दोघी घरी पोहोचलात की पुन्हा कळव, विसरू नकोस. तोवर मी इथे केर काढणार नाही.

दोघींवर माया आहे, ती धरून राहा.

तुझी आई,
तिची आजी