सात नंबरची शेळी दिवा चाटते

५ जाने., सोम.
बारापैकी अकरा पास. हिरवा दिवा लागला की दहा सेकंदांनी गव्हाणीत मक्याचा भरडा पडतो, एवढंच शिकायचं आहे. दिवा लागताच अकराजणी गव्हाणीशी जाऊन उभ्या राहतात. सात नंबर दिव्याकडे जाते आणि दिवा चाटते. भरडा पडतो, ही चाटतेच आहे. माझं पीएच.डी.चं तिसरं वर्ष, आणि ही बया काच चाटतेय.
माझे गाइड सर म्हणाले, "शिकली नाही असं लिहा." लिहिलं. पण शिकली नाही कशी? दिवा बंद असताना ती तिकडे ढुंकूनही बघत नाही. काहीतरी शिकलीच आहे की.

७ जाने.
कारण सापडलं, आणि दिवसभर डोकं फिरलेलं. शेड झाडणाऱ्या शेवंतामावशी भाकरीचं फडकं दिव्याच्याच खिळ्याला अडकवतात. वर सातला रोज एक तुकडा.
"मावशी, ते प्रयोगाचं जनावर आहे हो."
"प्रयोगाचं आसलं तरी पोट हायच की मॅडम."
दोन महिने मी वजन करून भरडा टाकतेय आणि इथे भाकरी चालू. नको तितकं बोलले. मावशींनी फडकं काढून बाहेर बाभळीला बांधलं.

९ जाने., शुक्र.
वायरमन येतो येतो म्हणत आला नाहीच. स्टुलावर चढून मीच दिवा समोरच्या भिंतीला लावला. तिथे भाकरीचा वासही नाही. सात तिथे गेली. चाटला.
म्हणजे भाकरीचा दोष नाही. काही जनावरांना खाण्याची खूणच खाण्याइतकी गोड लागते, हे उंदरांबद्दल वाचलं होतं. आपल्या शेडमध्ये, आपल्या डोळ्यांनी, पहिल्यांदाच. फार आनंद झाला. लगेच पानभर लिहून सरांना पाठवलं.
उत्तर: "एका शेळीवर चॅप्टर होत नाही." संपलं.
मावशींची माफी मागायची राहिली.

१३ जाने., मंगळ.
भीतीचा भाग सुरू. शिट्टी, मग पाच सेकंदांनी माझी काळी छत्री शेळीच्या पुढ्यात फटकन उघडायची. प्रत्येकीला फक्त तीनदा, तेवढीच परवानगी आहे. उद्यापासून नुसती शिट्टी, छत्री नाही. शिट्टीत काही दम नाही हे कोणाला किती दिवसांत कळतं ते बघायचं.
आवडत नाही हे काम. सात तिसऱ्या वेळी गुडघ्यावर पडली.

१७ जाने., शनि.
अकराजणी विसरल्या. तीन नंबर तर आज शिट्टी चालू असताना रवंथ करत होती.
सात चौथ्या दिवशीही कोपऱ्यात. पाय लटलट, लेंड्या, भरड्याला तोंड नाही. दिव्याकडेही गेली नाही.
सर: "गुरुवारपर्यंत बघा. नाहीतर वगळा आणि निकामीच्या यादीत टाका. एका जनावरानं सगळ्यांचं गणित बिघडवायचं का?" निकामीच्या यादीतली जनावरं लिलावात जातात, आणि शेळ्यांच्या लिलावाला कोण येतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आलेख सरळ दिसावा म्हणून हिच्या मानेवर सुरी. वेगळी आहे हाच गुन्हा. माझा विषय तोच आहे ना सर? जनावरागणिक फरक? आराखड्याच्या मुखपृष्ठावर छापलंय.
हे सगळं इथे लिहितेय. तिथे "हो सर" म्हणाले. त्याचाच जास्त राग येतोय.

१८ जाने., रवि.
घरी, ताडकळसला. आई अंगणात हरभऱ्याचे ढाळे भाजत होती. सातचं सगळं सांगितलं. अंगठेबहाद्दर बाई, पण प्रश्न सरांपेक्षा बरे विचारते. "शिट्टी कोन वाजवतंय?" मी. "छत्री?" मीच. नियमच आहे, एकच माणूस पाहिजे.
मग तिचं बाजाराचं पुराण. "मी शेळी घेताना मालकाला आदी म्हनते, भाऊ, तू जरा तिकडं चहा पी जाय. मालक हुबा आसला की शेळीचा सभाव कळत न्हाई. कुनी मालकाला भेती, कुनी लाडात येती."
"आई, हा बाजार नाही. प्रयोग आहे."
"बरं बाई. तू शिकलेली."
परतीच्या एसटीत पूर्णा गाव येईपर्यंत स्वतःवर वैतागले. तीन वर्षं पेपर वाचतेय, आणि शिट्टीवाला माणूस बदलून बघावा हे सुचलं नाही.

२० जाने., मंगळ.
आधी मावशींची माफी मागितली. "जाऊ द्या की, म्या कुठं मनावर घेतलं," म्हणाल्या, पण चेहरा खुलला. शिट्टी त्यांच्या हातात दिली. मी खाद्याच्या खोलीत, दाराच्या फटीला डोळा लावून.
मावशींनी शिट्टी वाजवली. सातने कान टवकारले. बस्स. परत वाजवली. सात मावशींच्या पदराचा वास घेत उभी. पाय स्थिर. दिवा लावला, तर जाऊन चाटला.
माझ्या डोळ्यांत पाणी. दार उघडून बाहेर आले. हात रिकामे. छत्री हॉस्टेलवर, शिट्टी मावशींकडे.
सात कोपऱ्यात. लटलट.
मावशी हळूच म्हणाल्या, "मॅडम, शिट्टीला न्हाई भेत ती. तुमालाच भ्यायलीय."

२१ जाने., बुध.
झोप नाही. आईने दिलेले हिरवे ढाळे घेऊन सकाळी शेळ्यांच्या वाड्यात जाऊन बसले. अकराजणी अंगावर. एकीने ओढणीचं टोक खाल्लं. सात भिंतीला टेकून बघत राहिली. मी जवळ गेले नाही. किती वेळा म्हणायचं, मी काही करणार नाही. आणि तिने का ऐकावं?
हिशेब असा. खरं लिहिलं तर सात निकामी नाही, पण प्रयोग जातो. बाकीच्या अकराजणी तरी शिट्टीला भ्यायल्या की मला? सगळ्या नोंदी माझ्याच हातच्या. सर म्हणतील, पहिल्यापासून करा. मुदत जूनपर्यंत. खरं नाही लिहिलं तर माझं सगळं नीट, फक्त सात उद्या यादीत.
आईला फोन केला. तिला वाटलं, शेळी मेली. नाही गं, म्हणाले. एवढं सांगून फोन ठेवला.

२२ जाने., गुरु.
सरांच्या केबिनबाहेर बाकावर. आत कोणीतरी पाहुणे.
जनावर वगळण्याचा फॉर्म, त्यात 'कारण' असा एक अरुंद रकाना. आधी लिहिलं, शिट्टीची भीती जात नाही. खोटं. खोडलं. मग लिहिलं, प्रयोग करणाऱ्या व्यक्तीची भीती. तेही खोडलं. मग, वगळू नये, शेड झाडणाऱ्या बाईंनी वाजवलेल्या शिट्टीला घाबरत नाही. हे अर्धं खरं, म्हणून आणखी वाईट. खोडलं.
रकान्यात आता माझं नाव मावेल एवढीच जागा उरली आहे.
पाहुणे गेले. शिपाई म्हणतोय, चला मॅडम, सर बोलवायलेत.