वानर सोडून पाकट

तीर्थरूप ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे मजेत.

तर, एकोणीस वर्षं प्राणिसंग्रहालयात वानरं सांभाळल्यावर साहेबांनी मला गेल्या महिन्यात मत्स्यालयात पाठवलं आणि दोन पाकट माझ्या गळ्यात घातले. पाकट म्हणजे ताटासारखा चपटा मासा, मागे चाबकासारखी शेपूट आणि तिच्यावर विषारी काटा. मी म्हटलं, वानरांना वठणीवर आणलं, तिथे हे ताट काय जड! पहिल्या दिवशी सवयीने कोळंबी वरून फेकली. वानराने ती हवेतच झेलली असती, वर माझी टोपीही नेली असती. पाकट हललाच नाही. मागाहून कळलं, त्याचे डोळे वर आणि तोंड पोटाखाली. आपण काय खातोय ते त्याला दिसतच नाही. (भावजी पेपर वाचत जेवतात, तसंच.)

चार दिवस दोघांनी कशाला तोंड लावलं नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही आपले वानरांकडेच बरे. सोमवारपासून परत जा."

ताई, माझं डोकंच फिरलं. वानर रागावलं की दात विचकतं, खूश झालं की आपल्या केसांत उवा शोधतं. (एकदा साहेबांच्याही शोधल्या, असो.) या माशाचा चेहरा वाचता येत नाही, म्हणून काय त्याला उपाशी मारायचं? मी विजार दुमडली आणि उथळ हौदात उतरलो. तिथे पाऊल उचलायचं नसतं, वाळूवरून घासत न्यायचं, म्हणजे दडलेला पाकट आपणहून सरकतो. कोळंबी तळहातावर धरून, हात तळाला टेकवून रोज तासभर ओणवा उभा राहिलो. कंबरेचे पार तुकडे पडले. पाचव्या दिवशी थोरला ओल्या रुमालासारखा हातावर पसरला आणि त्याने कोळंबी ओढून घेतली. वानरांनी माझ्याकडून आजवर काय काय हिसकावलं, पण इतक्या अलगद काहीच घेतलं नव्हतं. मी साहेबांना तिथूनच ओरडून सांगितलं, "मी जात नाही!" साहेब नुसते मान हलवून गेले.

धाकटा पाकट अजून हट्टाला पेटलाय. मीही पेटलोय. तो जेवल्याशिवाय मी हौदाबाहेर यायचा नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. सध्या हौदाबाहेरच आहे. परवा धाकट्याने घोट्यात काटा मारला. चूक माझीच, घाईत पाऊल उचललं. डॉक्टर म्हणतात, दोन दिवसांत बरं वाटेल.

ता. क. २ हिला वाटतंय, मी अजून वानरांकडेच आहे आणि वानरच चावलंय. (पोहता न येणाऱ्याने पाण्यात पाय घालू नये, असं तिचं ठाम मत; पाणी गुडघाभर असलं तरी.) खरं काय ते तूच तिला सांग, तुझ्यावर ती ओरडत नाही. बुधवारच्या आत ये. गुरुवारी मी परत उतरतोय.